रंग गेलेलं पाणी

नवरात्राचे नऊ रंग पेपरात छापून यायच्या आधी आमच्या ओहोळात यायचे. मुरबाडला वस्तीबाहेर कापड रंगवण्याचा एक कारखाना आहे. त्याच्या मागच्या भिंतीतून निघालेला पाइप ओहोळात उतरतो आणि ओहोळ पुढे आमच्या गावावरून जातो. श्रावण-भाद्रपदात कारखान्याला साड्यांच्या ऑर्डरी यायच्या, आणि ओहोळ एक दिवस पोपटी, एक दिवस राणी, एक दिवस राखाडी व्हायचा. गावातल्या बाया पुलावरून खाली बघून ठरवायच्या, यंदा काय घ्यायचं. आमच्या शेजारच्या काकूंनी एका वर्षी ओहोळावर विश्वास ठेवून मोरपंखी साडी आधीच घेऊन टाकली. त्या वर्षी मोरपंखी रंग नव्हताच, ती ऑर्डर भलत्याच कुठल्या तरी गावच्या बँडवाल्यांच्या गणवेशाची होती. त्यावर काकूंनी कारखान्याला जे ऐकवलं, तेवढं पाणी घाण केल्याबद्दल कुणी कधी ऐकवलं नव्हतं.

रंगाचा गावाला त्रास होता, पण त्याची एक रीत बसून गेली होती. ओहोळ रंगीत दिसला की धुणं न्यायचं नाही, गुरं उतरवायची नाहीत, पंप लावायचा नाही. पावसाचं पाणी ओसरलं की ओहोळात जे वाहतं ते बहुतेक कारखान्याचंच, त्यामुळे हिवाळाभर तो जवळजवळ रोजच रंगीत असायचा. भात कापून झालं की काठावरच्या जमिनी पडून राहायच्या. फार तर ओलीवर कुणी वाल टाकायचं. पलीकडच्या गावांमध्ये भेंडी, काकडी व्हायची, टेम्पो भरून जायची, आणि आमचे लोक ते टेम्पो बघत बघत कल्याणला मजुरीला जायचे. म्हशींना ही रीत कुणी समजावून सांगितली नव्हती. त्यातली एक बरेच दिवस गुलाबी तोंडानं हिंडत होती आणि तिला स्वतःला त्याचं काही वाटत नव्हतं.

मी त्याच कारखान्यात कामाला आहे. रसायनशास्त्रातली पदवी घेतली आणि घराजवळची नोकरी म्हणून तिथल्या सांडपाण्याच्या शेडमध्ये लागले. कुणी विचारलं की आई सांगायची, "कंपनीत आहे, लॅबमध्ये." सांडपाणी हा शब्द ती टाळायची. बाबा टाळत नसत. ते वाशिंदच्या एका कारखान्यातून रिटायर झालेले, उभा जन्म मशीनवर गेलेला. कुठलंही मशीन चालवणं हे त्यांच्या लेखी चारचौघांत सांगण्यासारखं काम. शिवाय गावात त्यांच्या शब्दाला वजन आहे. बुद्धविहाराची वर्गणी असो की कुणाच्या मुलीचं स्थळ, लोक आधी बाबांना विचारतात, कारण ते खात्री नसेल तर सरळ "मला नाय माहीत" म्हणतात. अशा माणसाला लोक पुलावर गाठून विचारायचे, "पोरगी पाण्याचं काम करते, मग पाणी असं कसं?" बाबा "मला नाय माहीत" म्हणायचे. ते घरी येऊन मला विचारायचे.

तेव्हा आमच्याकडे चुना आणि तुरटी टाकून रंग खाली बसवायचे. बसायचा तेवढा बसायचा. उरलेला ओहोळात जायचा. तक्रारी वाढल्या, वरून साहेब लोक येऊन तपासायला पाण्याच्या बाटल्या भरून गेले, आणि शेवटी मालकांनी मेम्ब्रेनची यंत्रणा बसवली.

मेम्ब्रेन म्हणजे काय हे मी इतक्या लोकांना समजावलं आहे की आता झोपेतही सांगेन. लांबलचक पांढऱ्या नळ्या लोखंडी चौकटीत आडव्या रचलेल्या असतात. प्रत्येक नळीच्या पोटात कागदासारखा पातळ पडदा गुंडाळून ठेवलेला असतो. पंपानं पाणी जोरात दाबलं की ते पडद्यातून पलीकडे जातं आणि रंगाचे कण मोठे असल्यामुळे अलीकडेच अडकतात. एवढंच. आईनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे गाळणं." मी म्हटलं, हो, गाळणं. कॉलेजची सगळी वर्षं त्या एका शब्दात बसली.

पण ते गाळणं नाजूक होतं. आधी साध्या वाळूतून आणि जाड पडद्यातून पाणी काढून मगच त्याला द्यावं लागायचं. क्लोरीनचा थेंब चालायचा नाही. बंद ठेवलं तरी कोरडं पडू द्यायचं नाही. कापडाचे बारीक धागे अडकले की दाब चढायचा, मग औषधाच्या पाण्यानं आतून धुवायचं. नव्या नवरीचीही कुणी एवढी मर्जी सांभाळत नाही, असं आमचा फिटर म्हणायचा, आणि त्याची बायको तेव्हा माहेरी निघून गेली होती, त्यामुळे आम्ही कुणी वाद घातला नाही. मला मात्र ते मशीन आवडायचं. एका बाजूनं काळंजांभळं पाणी आत जायचं आणि दुसऱ्या बाजूच्या काचेच्या नळीत काहीच नाही असं वाटावं इतकं स्वच्छ पाणी दिसायचं. रोज बघूनही मला रोज बरं वाटायचं. रंग काही नाहीसा होत नव्हता. तो मागं घट्ट होऊन साठायचा, आम्ही तो उन्हात सुकवून पोत्यांमध्ये भरायचो. सगळे रंग एकत्र आले की एकच रंग तयार होतो, आणि तो कुठल्याही नवरात्रात चालणारा नसतो.

आता मिठाबद्दल सांगते, कारण पुढचं सगळं मिठामुळे झालं. सुती कापडावर रंग चढायला मीठ लागतं. चिमूटभर नाही, ट्रक येतात. ते मीठ रंगाबरोबर सांडपाण्यात उतरतं. मिठाचे कण फार बारीक, ते पडद्याच्या पलीकडे आरामात जातात. यात पडद्याचा काही दोष नाही, त्याला रंग अडवायलाच घेतलं होतं. गाळलेलं खारट पाणी आम्ही जमेल तेवढं परत रंगाईला वापरायचो, तिथं मीठ लागतंच. उरलेलं ओहोळात सोडायचो. मी मॅनेजरसाहेबांना विचारलं होतं, मिठाचं काय. ते म्हणाले, "पुढच्या टप्प्यात." पुढचा टप्पा हा शब्द आमच्याकडे जुना आहे, कँटीनचं छप्परही पुढच्या टप्प्यातच आहे. मी आणखी एकदा विचारल्यावर त्यांनी मला समजावलं, "मॅडम, तक्रार कशाची होती? रंगाची. मिठाची तक्रार कुणी केली आहे का?" कुणी केली नव्हती, हे खरं होतं.

यंत्रणेच्या उद्घाटनाला गावातल्या लोकांना बोलावलं. मालकांनी काचेच्या ग्लासात पाणी भरून हातात धरलं, फोटो काढून घेतला आणि ग्लास जपून खाली ठेवला. लोक ओळीनं काचेच्या नळीकडे बघून गेले. एक म्हातारा म्हणाला, "हे नळाचं असंल." तेव्हा बाबा पुढे झाले. गढूळ पाणी कुठून येतं, पंप कुठला, नळी कुठली, पडदा कुठं असतो, हे सगळं त्यांनी लोकांना बोटानं दाखवलं. मी घरी जेवताना सांगितलेलं त्यांनी अक्षर न चुकवता सांगितलं. "रंग हितं अडकतो," ते म्हणाले, "आणि ही बघते." ही म्हणजे मी. मी शेडच्या दारात डोक्याला टोपी घालून उभी होते आणि मला कुठं बघावं ते कळेना.

मग ओहोळ रोज स्वच्छ वाहू लागला. तळातले दगड दिसायला लागले. माणसं उगाच पुलावर थांबून खाली बघायची. काकूंनी मात्र कुरकूर केली की आता नवरात्राचे रंग पेपरात यायची वाट बघावी लागणार.

आमच्याकडे हिवाळी पिकासाठी ओहोळाला दगडमातीचा बांध घालायची जुनी पद्धत होती. रंगीत पाण्याच्या काळात ती बंद पडली होती. त्या वर्षी भात झोडून झाल्यावर बाबांनी ती परत सुरू केली. ज्यांच्या जमिनी काठाला, त्या घरांतलं एकेक माणूस येतं, सगळे मिळून बांध घालतात, आणि पाणी तुंबलं की त्यातला एकजण सगळ्यांसमोर ओंजळभर पाणी पितो. जो प्याला त्यानं त्या पाण्याची हमी घेतली असं समजतात. मग बाकीचे बी टाकतात. कोणी प्यायचं यावरून पूर्वी म्हणे मानपान व्हायचे. त्या वर्षी कुणी विचारलंही नाही, सगळ्यांनी बाबांकडे बघितलं.

आदल्या दिवशी मी बाबांना सांगितलं होतं. रंग गेला आहे, मीठ गेलेलं नाही. आत्ता डोंगरातले झरे वाहतायत, त्यांच्या पाण्यात ते विरून जातं. झरे आटले की नुसतं कारखान्याचं पाणी उरेल, ते भेंडीला चालणार नाही. बाबा ऐकत होते. मी बोलायची थांबल्यावर म्हणाले, "तूच सांगितलंस ना, पाणी साफ व्हतं म्हणून?"

"रंगापुरतं साफ होतं."

"पाणी एकतर साफ असतं नायतर नसतं गो."

मी ग्लासभर पाण्यात मीठ विरघळवून त्यांच्यासमोर ठेवलं. दिसतंय का काही, म्हटलं. त्यांनी ग्लास उजेडात धरला, प्यायले आणि तोंड वाकडं केलं. "हे खारट हाय," ते म्हणाले. "ओहोळाचं नाय. मी सकाळीच चाखलंय." ते खोटं नव्हतं. त्या दिवशी ते पाणी खरंच गोड होतं.

दुसऱ्या दिवशी ते सगळ्यांसमोर ओंजळ भरून पाणी प्यायले. मी कामावर होते. आईनं सांगितलं की पिऊन झाल्यावर ते म्हणाले, "माझ्या पोरीनं साफ केलंय. लावा बिनधास." आई हे सांगताना हसत होती. मला धास्ती वाटली, आणि खोटं कशाला बोलू, त्याच वेळी मला छानही वाटलं.

काठानं सगळ्यांनी भेंडी लावली. काकूंचे यजमान कल्याणला वॉचमन, आठवड्यातून एकदा घरी यायचे. काकू दर हिवाळ्यात पहाटेच्या जीपनं बांधकामावर विटा उचलायला जायच्या. त्या हिवाळ्यात त्यांनी मुकादमाला सांगून टाकलं की मी येत नाही, माझी भेंडी आहे. "बापानं तुझ्या शब्द दिलाय," त्या मला म्हणाल्या, "म्हणून घरी बसलेय. कंबरेला जरा आराम." मी त्यांनाही मिठाचं सांगितलं. त्यांनी माझ्याकडे मायेनं बघितलं. शिकलेल्या मुलींना आपल्या कामात खोट काढायची सवय असते, असं त्यांचं मत पडलं.

पौष लागला, म्हसा गावच्या जत्रेला जाणाऱ्या बैलांच्या गाड्या रस्त्यानं दिसायला लागल्या, आणि झरे आटले. आमचा तुकडा पाइपाला सगळ्यात जवळ. पहिल्यांदा आमच्या भेंडीच्या पानांच्या कडा करपल्या. मग पानं आत वळली, झाडं गुडघ्याच्या खालीच थांबली. वाफ्यात माती वाळली की वर पांढुरकी साय दिसायची. बाबांनी ती बोटावर घेऊन जिभेला लावली. मी बांधावर उभी होते. मग ते उठले. पंपापाशी गेले, पंप बंद केला आणि त्याचा पाइप गुंडाळायला लागले. त्यांना मी आजारपणातही इतकं सावकाश काम करताना पाहिलं नव्हतं.

माझं बरोबर होतं. बरोबर असून इतकं वाईट वाटण्याची ती पहिली वेळ.

खाली बाकीच्यांची झाडं अजून हिरवी होती. मध्ये एक बारीक झरा होता, तो थोडा टिकून राहिला होता, त्यामुळे त्यांना मीठ उशिरा पोचत होतं. पोचणार मात्र होतं. गावाच्या पलीकडच्या अंगाला जुनी विहीर आहे. तिला पाणी भरपूर, पण पिकापर्यंत आणायचं तर रस्ता ओलांडून पाइप टाकायचे, इंजिन भाड्यानं आणायचं, चार घरांनी एकत्र यायचं. आठवड्याभरात ते झालं असतं तर काकूंचं आणि बाकीच्यांचं पीक वाचलं असतं. बाबा त्याच संध्याकाळी घरोघर गेले. ओहोळाचं पाणी बंद करा, विहिरीवरून पाइप टाकू, असं सांगत.

कुणी ऐकलं नाही. लोक त्यांना पाणी, चहा देत होते आणि समजूत घालत होते. तुमच्या भेंडीवर रोग आहे, म्हणत होते, तुडतुडे असतील, अमुक औषध मारा, माझ्या मेव्हण्यानं मारलं होतं. एकानं बाबांना अर्धी बाटली औषध फुकट दिली. बाबा म्हणाले, पाणी खारं आहे. ते म्हणाले, जरा मचूळ लागतं, पण उन्हाळ्याकडे विहिरीचंही लागतं. बाबा म्हणाले, मी दिलेला शब्द मागं घेतो. त्यावर काकू म्हणाल्या, "दादा, तुमी आमच्यासमोर प्यालाव. आता डोळ्यांनी तळ दिसतोय. दिसतंय ते खोटं कसं मानू?" त्यांच्या झाडांना पिवळी फुलं धरली होती. फुलं धरलेल्या पिकाचं पाणी तोडायला सांगणारा माणूस कुणाला आवडेल?

मी पण सांगून बघितलं. पाण्यातला खार मोजायचं मीटर घेऊन गेले, आकडा दाखवला. त्यांनी आकडा बघितला, मग पाणी बघितलं, आणि पाण्यावर विश्वास ठेवला. इतकी वर्षं त्यांना ओहोळ स्वतःच सांगत आला होता, आज मी चांगला नाही म्हणून. आता तो गप्प झाला होता आणि तो गप्प कुणी केला होता ते मला माहीत होतं. कारखान्यात मॅनेजरसाहेबांना मी परत गाठलं. निदान महिनाभर पाणी ओहोळात सोडू नका, टाकीत धरा, म्हटलं. त्यांनी विचारलं, लेखी तक्रार आहे का. तक्रार करणारे तर पाण्यावर खूश होते. मी त्या दिवशी शेडमध्ये परत येऊन मशीनची फडकं मारून साफसफाई केली. ती करायची काही गरज नव्हती.

त्यानंतर एका सकाळी मी कामावर पोचते न पोचते तोच साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. गावातून फोनवर फोन आले होते. ओहोळ लाल झाला होता. लाल म्हणजे मरून, असं एकानं नीट सांगितलं होतं, आमच्या गावाला रंगांची नावं बिनचूक येतात. साहेबांचा चेहरा उतरला होता. "मेम्ब्रेन फाटलं," ते म्हणाले. "एवढं महागाचं मेम्ब्रेन."

मी शेडमध्ये जाऊन काचेची नळी बघितली. पाणी निर्मळ. दाब ठीक. मग रंगाईच्या खात्यात विचारलं. त्या आठवड्यात बेबी पिंक आणि क्रीम चाललं होतं, मरून तर दिवाळीपासून कढईत पडला नव्हता. मी मागच्या फाटकातून बाहेर पडले आणि पाइपापाशी उतरले. पाइपातून स्वच्छ पाणी पडत होतं. मी काठाकाठानं खाली चालायला लागले. करंजाच्या झाडापाशी ओहोळ वळतो, तिथं पोचेपर्यंत तळातला प्रत्येक दगड दिसत होता. वळण घेतलं आणि पाणी एकदम मरून झालं.

बाबा पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात उभे होते. एका हातात आईची जुनी बादली, दुसऱ्या हातात काठी. मुरबाडच्या बाजारात कपडे रंगवायच्या पुड्या मिळतात, त्या त्यांनी बादलीत कालवल्या होत्या आणि थोडं थोडं करून ओहोळात सोडत होते. घाई अजिबात नव्हती. हात कोपरापर्यंत रंगले होते.

"मरून का?" मी विचारलं. इतक्या सगळ्या प्रश्नांमधून मला तोच सुचला.

"दुकानदाराकडं हाच जास्त व्हता."

मी काठावर बसले. ते ढवळत राहिले. थोड्या वेळानं म्हणाले, "सांगून ऐकत नाय. तुझं ऐकत नाय, माझं ऐकत नाय. रंगाचं ऐकतील." खालच्या अंगाला कुठल्या तरी पंपाचा आवाज चालू होता. आम्ही दोघं तो ऐकत होतो. मग तो थांबला. पुढे आणखी एक थांबला. बाबांनी मान वर केली आणि बादलीतलं उरलेलं सगळं ओतून टाकलं.

"गावात काय सांगितलंत?" मी विचारलं. "रंग कुठून आला म्हणून?"

बाबांनी बादली विसळली. विसळली म्हणजे आणखी रंगवली. माझ्याकडे न बघता म्हणाले, "पोरीचं मशीन बिघडलं म्हणालो."

मी काठावरच्या रिकाम्या पुड्या गोळा करायला लागले.

"मी शब्द तुझ्या नावावर दिला व्हता," ते म्हणाले. "मागं घ्यायचा तर तुझ्याच नावावर घ्यायला लागला. माझं एकट्याचं नाव पुरंना."

मला राग आला होता, तो लपवण्यात अर्थ नाही. त्या मशीनला मी तान्ह्या मुलासारखं जपलं होतं. त्याच्याइतकं चांगलं काम त्या कारखान्यात एकही माणूस करत नव्हता, मालक धरून. आणि तेच बिघडलं असं गावभर सांगून झालं होतं, तेही कुणी सांगावं तर बाबांनी, ज्यांच्या शब्दावर कुणी शंका घेत नाही. दुसरीकडे मला त्यांच्या त्या रंगलेल्या हातांकडे बघवत नव्हतं. मी उठले, कामाला उशीर होतोय म्हणाले आणि परत फिरले.

साहेबांना मी सांगितलं की मेम्ब्रेन शाबूत आहे, पाइपातून स्वच्छ पाणी पडतंय, रंग खाली कुणीतरी बाहेरून टाकतंय. "आपल्या पाइपाच्या खाली ना?" त्यांनी दोनदा विचारलं. मी हो म्हटलं. "मग आपला संबंध नाही," ते म्हणाले आणि त्यांच्या चेहऱ्यावर रक्त परत आलं. कोण टाकतंय हे त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं.

बाबा रोज सकाळी जात राहिले. रंगाची पुडी संपली की बाजारात जाऊन आणायचे, मिळेल तो रंग. गावानं कारखान्याला शिव्या घातल्या, मला सोडून बाकी सगळ्यांना, मग हळूहळू मलाही. आणि शिव्या घालता घालता विहिरीवर इंजिन आलं. रस्त्याखालून पाइप गेले. काकूंनी स्वतः चर खणायला फावडं घेतलं. शेवटच्या दोन तुकड्यांची थोडी झाडं करपली, बाकीची भेंडी तगली. माघात पहिली तोडणी झाली आणि आमच्या गावातून टेम्पो भरून गेला. आमच्या तुकड्यात काही नव्हतं. बाबांनी तिथली वाळलेली झाडं उपटून बांधावर रचून ठेवली होती.

लोकांचं पाणी विहिरीवरून नीट सुरू झाल्यावर बाबांनी रंग टाकायचं थांबवलं. तोवर ओहोळाला हात लावायचा नाही ही रीत परत बसली होती. पाणी स्वच्छ दिसलं तरी लोक म्हणायचे, मशीनचा काय भरवसा.

त्या दिवसांत एका संध्याकाळी मी आणि बाबा मुरबाडहून एसटीनं आलो आणि पुलावरून चालत घराकडे निघालो. काकू त्यांच्या भेंडीत होत्या, डोक्याला फडकं, हातात तोडलेल्या भेंड्यांची पाटी. पाच-सहा बाया सोबतीला होत्या. काकूंनी बांधावरूनच विचारलं, "काय गो, तुझं मशीन अजून बिघडलेलंच काय?"

बायका हसल्या. वाईट नाही, सहज. बाबा माझ्या बाजूला चालत होते, ते थांबले. त्यांनी तोंड उघडलं. ते काय सांगणार होते मला माहीत नाही, पण सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी विहिरीचं इंजिन परत गेलं असतं आणि ओहोळावर पंप लागले असते, एवढं मला माहीत होतं.

"हो काकू," मी म्हटलं. "बिघडलेलंच आहे."

"तुला नीट शिकवलं नाय वाटतं कुणी."

"नाय शिकवलं."

"जाऊ दे," काकू म्हणाल्या. "होईल नीट." आणि त्यांनी माझ्या पिशवीत ओंजळभर भेंडी टाकली.

आम्ही घरी पोचलो. दारात चपला काढताना बाबा खाली बघत म्हणाले, "तुझं मशीन चांगलं हाय गो."

"माहीत आहे," मी म्हटलं, आणि भेंडी आईला द्यायला आत गेले.